डोळे मिटा, बाय

चारोटीचा आमचा मेकॅनिक मोटरसायकलचं हँडल बदलताना गिऱ्हाइकाला गाडीवर बसवतो. "डोळे मिटा, बाय. हात सोडा पुढं." हात पोचतील तिथं हँडल. वायरींशी मात्र तो गुजरातीत बोलतो, "धीमे, धीमे."

कोपर मोडल्यापासून माझा डावा हात सरळ होत नाही. घरचे म्हणतात, गाडी विकून टाक. मग रानशेतच्या अंगणवाडीत जाऊ कशी?

मी डोळे मिटले. डावा हात अर्ध्यातच थांबला. मेकॅनिकनं तिथवरचं माप घेतलं. मागं वळलेलं हँडल बसवलं, क्लचची वायर नव्या वाटेनं फिरवली, हँडल दोन्हीकडं वळवून ती ताणली जात नाही ना, ते पाहिलं.

"हात आखडलाय, दादा," मी ओशाळून म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या, बाय. हँडल आलंय ना त्याच्याजवळ."