पूर्ण मापाचा ड्रेस

पाणीपुरवठा कार्यालयातल्या चौकशीच्या बाई लोकांना ठाऊक होत्या त्या फक्त कमरेपर्यंत. खिडकीत मावेल तेवढी बाई एकदम टापटीप: कडक इस्त्री, चापूनचोपून बसवलेले केस. खिडकीखालचा कारभार मात्र रामभरोसे. विटका स्कर्ट आणि पायांत मऊ गुलाबी सपाता. घरून येताना घातलेले बूट आल्या आल्या टेबलाखाली जायचे. तिथं कोण बघायला येतंय?

बाईंना हे सोयीचंच होतं. लहानपणी त्या ताडमाड वाढल्या आणि घरात नाव पडलं 'शिडी'. आईने तर धास्तीच घेतली. "जरा वाकून चाल गं," ती सारखी म्हणायची, आणि लेक गुणी, वाकली. पुढे बसून करायची नोकरी मिळाली तेव्हा दोघींचाही जीव भांड्यात पडला.

आता हॉलप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. दिवसभर लोकांत उभं राहायचं, रांगा हलत्या ठेवायच्या, तंटे मिटवायचे. बाईंना ती जागा हवी होती, अगदी मनापासून, आणि बोलायची मात्र लाज वाटत होती. सकाळी लोक यायच्या आधी उंच खिडक्यांतून ऊन फरशीवर उतरायचं. त्या उन्हातून सावकाश चालणारी एक बाई त्यांना रोज दिसायची. अंगात गडद निळा ड्रेस, ताठ कॉलर, घोट्यापर्यंत घोळ. ती बाई कुठेच वाकत नसे. कोणी पाणीपट्टीचं विचारलं की स्वप्न मोडायचं.

एक दिवस धीर करून त्यांनी अर्ज दिला आणि तो ड्रेस शोधायला निघाल्या. दुकानांतले सगळे ड्रेस त्यांच्या पोटरीवरच दम तोडत. शेवटी शिवणवाल्या मावशींकडे गेल्या.

"पोक काढून उभी राहिलीस तर माप घेऊ कसं?" मावशी म्हणाल्या. "सरळ हो. आणखी. हां, आता मी या मापाचा शिवते. वाकलीस तर तो तुला टोचेल, मग माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

मुलाखतीच्या दिवशी बाई तो ड्रेस घालून तरंगतच निघाल्या. दुकानांच्या काचांतून एक उंच निळी बाई सोबत चालत होती. तिच्याकडे त्या चोरून बघत राहिल्या. ही आपण आहोत हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. त्याच तंद्रीत खिडकीत बसल्या, आणि पायांनी आपलं रोजचं काम केलं.

कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. बाई उठल्या, हॉलच्या मधोमध पोहोचल्या आणि त्यांच्या कानांवर आवाज आला. फट, फट. सपाता.

रांगा वळून बघत होत्या. बाईंचे खांदे आपसूक पुढे आले, तोच कॉलर मानेत रुतली. त्या सरळ झाल्या. तशाच, फटफटत, खिडक्यांच्या उन्हातून मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत गेल्या.

मोठ्या बाईंची नजर वरून खाली उतरली आणि सपातांवर थांबली. "हे काय?"

"सवय. खिडकीखाली कोणाला दिसत नाही ना. अर्ध्या वाटेत लक्षात आलं."

"मग परत नाही फिरलात?"

"अख्ख्या हॉलने बघितलंच होतं. म्हटलं, आता चालतानाही बघू दे."

मोठ्या बाई हसल्या. "इतकी वर्षं तुम्हाला बसलेलंच पाहिलं. एवढ्या उंच आहात, कल्पनाच नव्हती. बरंय, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही तुम्ही दिसाल. सोमवारपासून हॉल तुमचा. सपातांचं तेवढं बघा."

संध्याकाळी बाई घराच्या दाराशी आल्या. चौकट डोक्याला लागेल म्हणून त्या इथे नेहमी वाकायच्या. आजही वाकणार, तर कॉलर टोचली. त्यांनी डोळे मिटले आणि सरळ आत पाऊल टाकलं. काहीच लागलं नाही. वर पाहिलं तर चौकट चांगली वीतभर वर होती.

खुर्चीतल्या आईनेही वर पाहिलं.

"म्हणजे लागत नव्हतंच कधी," ती म्हणाली. "मीच वाकवलं गं तुला."

बाईंना आईचा राग आला, आणि तिची दयाही आली. नोकरीची बातमी ओठांवर होती, पण ती त्यांनी जरा बाजूला ठेवली. त्या बाहेर गेल्या आणि त्याच दारातून पुन्हा आत आल्या, सरळ, सावकाश, आईला पुरतं दिसेल अशा.