पेव उघडणारा माणूस

चोर कोण, हे मी दुसऱ्याच भागात ठरवून टाकलं आणि ठरवताना सासऱ्यांना विचारायचं राहून गेलं.

आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात मुलांचं एक पान असतं. त्यात मी एक रहस्यकथा लिहून राह्यलो होतो. निजामाच्या राज्यातले शेवटचे, लढाईचे दिवस. बंदुका घेतलेल्या टोळ्या गावोगाव धान्य हुडकत फिरतात. एका गावानं जमिनीखालच्या पेवात ज्वारी लपवलेली असते. ती टोळी उचलून नेते. फितूर कोण, याचा तपास तीन पोरं करतात. पेवाच्या तोंडाशी त्यांना काजळी लागलेली दोरी सापडते. बंद पेवात वाईट हवा साठते, उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून जाणकार आधी दोरीला बांधून पेटता दिवा सोडतो. दिवा विझला तर थांबतो. म्हणजे टोळीसोबत जाणकार होता. आणि गावात पेव उघडणारा माणूस एकच. झालं, पोरांनी चोर पकडला. हा भाग मी स्वतःलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. बायकोला ऐकवायला गेलो, तर मी वाचायला लागलो की ती मिक्सर चालू करते.

दिव्याची ही रीत मला सासऱ्यांनीच सांगितलेली, लग्नाच्या पहिल्या वर्षी. त्यांचे वडील पेवं उघडायचे. गावात ते काम त्यांच्या एकट्याकडं होतं. गोष्टीत ‘माणूस एकच’ लिहिताना तो एकटा म्हणजे सासऱ्यांचे वडील, तेवढं मी विसरलो.

अंक निघाला आणि आठच दिवसांत धोंडेजेवणाला घनसावंगीच्या पुढं सासरवाडीला गेलो. अधिक महिन्यात जावयाला जेवू घालायचंच असतं, त्यात रागलोभ चालत नाही. तेवढ्यावरच मी आत गेलो. मेहुण्यानं पिशवी घेतली ती बायकोच्या हातातली. माझी माझ्याच हातात राहिली. सासूबाईंनी भिंतीकडं बघत ओवाळलं, कुंकू भुवईवर लागलं. ताटात पुरणाचे धोंडे वाढले. मी तूप पुरे म्हणालो तरी त्या ओततच राहिल्या.

“खा दाजी,” मेहुणा म्हणाला. “अधिक महिना हाय म्हणून पाटावर बसवलंय. एरवी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.”

मग त्यानं सगळं सांगितलं. स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी माझी गोष्ट मोठ्यानं वाचली होती. वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्यानं सासऱ्यांकडं बघून म्हटलं, आता तर घरच्या जावयानंच छापलं. सासरे चहा तसाच ठेवून उठले. ऐंशी वर्षांचा माणूस. हॉटेलातल्या बाकड्यावर दोन तास बसणं हाच त्यांचा दिवस. आठ दिवस ते घराबाहेर पडले नव्हते.

सासऱ्यांच्या वडिलांबद्दल गावात अशी काही कुजबुज होती, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, सगळं मनचं आहे, कुणाचं नावसुद्धा घातलेलं नाही.

सासरे समोरच बसले होते, जेवत नव्हते. “पेव उघडणाराला नाव लागतं का?” त्यांनी विचारलं.

मी चोर बदलतो म्हणालो. पुढचा भाग अजून हातात होता. सावकार करतो, परगावचा माणूस करतो.

“त्यानं काय व्हतंय? लोक म्हणतील, सासऱ्यानं दम दिला म्हणून बदललं.”

मग ते सांगू लागले, एकेक वाक्य थांबत, माझ्याकडं न बघता. टोळी त्यांच्या गावात खरंच आली होती, पण पेव तिनं स्वतःच हुडकलं होतं, पहार ठोकत ठोकत. झाकणाचा दगड काढून त्यांच्यातला एक जण लगेच आत पाय सोडून बसला. सगळं गाव लांब उभं होतं. सासरे तेव्हा सहा-सात वर्षांचे, वडिलांचं बोट धरून. तो माणूस उतरला असता तर मेला असता, आणि हे तिथं दोघांनाच माहीत होतं.

“बाप ओरडला, थांब, आधी दिवा सोड. एवढंच. दिवा सोडला तर विझला. मंग ते घटकाभर थांबले, ज्वारी काढली अन् गेले. गाव म्हणालं, मरू द्यायचं व्हतं. त्यांचाच माणूस निघाला हा. बाप मरस्तोवर कुणी त्याला पेवावर बोलावलं न्हाई.”

मेहुण्यानंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला.

“पुढच्या भागात हे लिहा,” सासरे म्हणाले. “गाव सोडणार न्हाईच त्याला. पर जे केलं त्याच्यावरून बोलू द्या, न केलेल्यावरून न्हाई.” आणि उठून आत गेले. मी पाया पडायला आत गेलो, तेव्हा ते कुशीवर वळून झोपले होते. डोळे उघडे होते.

परतीच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आम्ही दोघं. मी हळूच म्हणालो, बाबांचा राग गेला म्हणायचा, त्याशिवाय एवढं सांगितलं नसतं. बायको बाहेरचा ऊस बघत होती.

“राग गेला असं बिलकुल समजू नका,” ती म्हणाली. “त्यांना लिहिणारा माणूस पायजे व्हता. अन् आमच्या घरात दुसरा कुणी न्हाई.”