कंट्रोल सात

कंट्रोल सातचा ग्राफ तिसऱ्यांदा तसाच आला, तेव्हा सर म्हणाले, "आउटलायर आहे, बाकीच्यांत बसत नाही. काढून टाक."

"नाही काढणार, सर." वीस वर्षं मी लॅबमध्ये आहे. कारण न शोधता सॅम्पल बाद करायला सांगितलं की माझं डोकं फिरतं.

आमची लॅब पावणे गावात. रूमॅटॉइडमध्ये, म्हणजे आमवातात, शरीराच्या संरक्षक पेशी आपल्याच सांध्यांवर उलटतात. त्यातल्या काही पेशी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा करतात, तेही बोटं वाकडी व्हायच्या आधीपासून. अशा पेशी आम्ही लेझरच्या मशीनवर मोजत होतो. तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं. त्याला कंट्रोल म्हणतात. आमचे कंट्रोल म्हणजे आमचाच स्टाफ. घरचीच माणसं, सांगितलं की हात पुढे करतात.

सातच्या रक्तात मात्र त्या उलटलेल्या पेशी पेशंटइतक्या होत्या.

"मशीनचा घोळ असेल," सर म्हणाले. मी मशीन तपासलं. मग म्हणाले, केमिकल जुनं असेल. मी नवी बाटली फोडली. ग्राफ जागचा हलेना.

"शुक्रवारी रिव्ह्यू आहे, बाई. एका सॅम्पलसाठी अडून बसणार?"

"ते कुणाचं तरी रक्त आहे. नाव बघा."

आम्हाला फक्त नंबर कळतात, नावांची यादी सरांकडे असते. त्यांनी कुरकुरत ती उघडली आणि सातवर बोट ठेवलं. "कुंदा," म्हणाले.

कुंदा उरणची, आमच्याकडे रक्त काढते. सगळ्यांचे फॉर्म तीच भरून घेते. स्वतःचाही तिनेच भरला होता. सांधे दुखतात? नाही. सूज? नाही. मी तडक तिच्याकडे गेले.

"कुंदा, सकाळी बोटं आखडतात?"

"आखडतान ना, मॅडम. तासभर मूठ वलत नाय. एवरा काम केल्यावर होनारच. त्यान काय सांगाचा हाय?"

मला स्वतःची लाज वाटली. रोज तिच्या शेजारी बसून डबा खात होते मी.

आमच्या ग्राफवरून निदान होत नाही, म्हणून सरांनी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. आमवातच निघाला, अगदी सुरुवातीचा. मानेतल्या रक्तवाहिनीची सोनोग्राफीही झाली. भिंत अजून जाड झाली नव्हती. औषधं लगेच सुरू झाली.

रिव्ह्यूत सरांनी एक कंट्रोल कमी दाखवला आणि कारणही सांगितलं, कंट्रोललाच आजार निघाला. ते ऐकून सगळे माना डोलावत होते. खरं कारण साधं होतं. कुंदा निरोगी आहे हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, फक्त तिला विचारायचं राहिलं होतं.