दाराजवळच्या कपाटाचे भोईरकाका

भोईरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजिवड्याला ऑफिसच्या बसमध्ये अडकले होते. फोन वैशालीचा होता. वैशाली आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात सहायक आहे, भोईरकाका तिथले ग्रंथपाल आणि मी गेली काही वर्षं कार्यवाह. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान टाकली, एवढंच तिने सांगितलं. मग तिने विचारलं, "ताई, आजची पोस्ट कोण टाकणार?"

ऐकणाऱ्याला हा प्रश्न कोरडा वाटेल. मला तो बरोबर वाटला. वाचनालयाच्या अकाउंटवर रोज सकाळी एका पुस्तकाबद्दल चार ओळी यायच्या. त्या काका लिहायचे आणि त्या दिवशी त्या येणार नव्हत्या. मी बसमध्येच लिहिलं, "आमचे ग्रंथपाल अनंत भोईर आज सकाळी गेले. वाचनालय आज बंद. उद्या उघडेल." तिसरं वाक्य ठेवावं की काढावं, असा विचार केला. ठेवलं. त्यांनीही ठेवलं असतं.

काका इथलेच, खाडीकाठच्या गावातले. वडील मिठागरात जायचे, घरची थोडी भातशेती. पुढे त्या शेतीवर टॉवर उभे राहिले, पैसा आला आणि घरातल्या सगळ्यांची कामं सुटली. काकांचं सुटलं नाही. ग्रंथालयशास्त्र शिकून ते तरुणपणीच आमच्याकडे लागले होते. आता नोकरी कशाला करतोस, असं भावांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "मग घरी बसून काय लिफ्ट वर-खाली जाताना बघू?" अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि आवाज खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असा. 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून तेच सगळ्यात मोठ्याने बोलायचे. काउंटरवर कुणी एखादं पुस्तक मागितलं आणि ते बाहेर गेलेलं असलं, की काका अख्ख्या वाचनकक्षाला ऐकवत, "ते पाटणकरबाईंकडे हाय. तुमच्या वाटेवरच घर आहे त्यांचं, बेल वाजवा." आणि मागणारा खरंच जाऊन बेल वाजवायचा. तिथे चहा व्हायचा, पुस्तक मिळायचं, कधी कधी ओळख वाढून पार लग्नाच्या बोलण्यांपर्यंत जायची. आमच्या वाचनालयाची ही जुनी रीत होती आणि तिचा आम्हाला सगळ्यांनाच अभिमान होता.

अकाउंट उघडायचा हट्ट माझा. जुने सभासद थकत चालले होते. कल्याणपासून घोडबंदर रोडपर्यंत नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना डोंबिवलीत असं काही आहे याचा पत्ताच नव्हता. मी म्हटलं, लोक दिवसभर फोनमध्ये असतात, आपणही तिथे असलं पाहिजे. काका म्हणाले, "आपण काय साबण विकतो का?" पण मी कार्यवाह होते आणि ते नियम पाळणारे. त्यांनी पहिली पोस्ट लिहिली ती अशी, "सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या सभेत ठरल्यानुसार..." आणि इथे अक्षरांची मर्यादा संपली. मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले, "बाई, यात तर 'आपला विश्वासू'ला पण जागा नाय." वैशाली हसून हसून खुर्चीत बसली. मी म्हटलं, काका, तुम्ही जन्मभर पुस्तकांची कार्डं लिहिलीत, त्यावर तरी कुठे जागा होती? दुसऱ्या दिवशी पोस्ट आली, "पाठदुखीवरचं एक पातळ पुस्तक आलंय. व्यायाम सोपे. चित्रं वाईट. गुण येतो." तिथून त्यांना थांबवायची वेळ यायला लागली. एका कादंबरीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "सुरुवातीला कंटाळा येईल. येऊ द्या. मग जेवायला उठणार नाही." लोक प्रश्न विचारू लागले, काका उत्तरं देऊ लागले. भोईरकाकू एकदा मला म्हणाल्या, "घरान माझ्याशी दोन शब्द बोलत नाय, न मोबाईलवर सगल्या गावाशी बोलतंय."

आणि याच उत्साहात ती चूक झाली. कल्याणहून कुणीतरी अकाउंटवर विचारलं, घटस्फोटाच्या कायद्याबद्दल सोप्या मराठीत काही आहे का? काकांनी काउंटरवर दिलं असतं तेच उत्तर सगळ्यांसमोर दिलं. "आहे. सध्या सौ. अमुक-अमुक, मानपाडा रोड, यांच्याकडे आहे. वाचून झालं असल्यास त्यांनी कृपया परत करावं." त्या बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर काकांचीच चूक मी पुन्हा केली असं होईल. संध्याकाळपर्यंत त्यांच्या नणंदेने ती पोस्ट वाचली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मी वाचनालयात होते. त्या बाई आल्या. तिशीतल्या असतील. पुस्तक काउंटरवर ठेवलं, त्यावर सभासदाचं कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, मी अजून माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं." आवाज चढवला नाही. काका उभे राहिले. "बाय, माझ्याकडनं..." एवढंच बोलले, तोवर त्या जिना उतरून गेल्या होत्या. त्या दिवशी काकांनी डबा उघडला नाही. पोस्ट तर त्यांनी काढून टाकली, पण काढून काय उपयोग, ज्यांनी वाचायची त्यांनी वाचली होती.

कार्यकारिणीची सभा झाली. अकाउंटच बंद करा, असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. काका सभेत कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. म्हणाले, "अकाउंट बंद करून काय होणार? मी तीस वर्षं हेच तोंडाने करत आलोय. तेव्हा कुणाच्या घरी काय झालं, ते मला कोण सांगायला आलं?" अकाउंट चालू राहिलं. पाटणकरबाईंची बेल वाजवणं आम्हाला एवढं गोड वाटत आलं होतं, की बेल वाजू नये असं वाटणारं घरही असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर काकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, पुस्तक कुणाकडे आहे हे सांगणं बंद. फोनवर नाही आणि काउंटरवरही नाही. याचा सगळ्यात जास्त राग जुन्या सभासदांनाच आला. एक आजोबा रोज भांडायचे.

"कुणाकडे आहे ते सांगा ना, मी जाऊन घेऊन येतो."

"मला माहीत नाय."

"अहो, तुमच्यासमोर लिहिलेलं आहे की!"

"चष्मा घरी राहिला."

"डोळ्यांवर आहे तो कुणाचा?"

"हा लांबचा."

दुसरी गोष्ट म्हणजे दाराजवळचं कपाट. कायदा, आजारपण, मन, नवरा-बायको, म्हातारपण, दारू सुटणं, ज्या ज्या विषयाचं पुस्तक मागताना माणूस आवाज खाली आणतो, ती सगळी पुस्तकं काकांनी आतून उचलून आणून दाराला लागून असलेल्या कपाटात लावली. भोवती मुद्दाम स्वयंपाक, प्रवास, शिवणकामाची पुस्तकं भरली, म्हणजे उभं राहणारा कशासाठी उभा आहे ते कळू नये. आणि अकाउंटवर लिहिलं, "दाराजवळच्या कपाटातलं पुस्तक नोंद न करता न्या. सभासद नसलात तरी न्या. झालं की परत ठेवा."

मी हादरलेच. आमचं वाचनालय अनुदानावर चालतं, दरवर्षी तपासणी होते. म्हटलं, काका, पुस्तकं जातील.

"जाऊ दे गो."

"तपासणीला येतील त्यांना काय दाखवू?"

"कपाट दाखव."

पुस्तकं गेली. काही परत आलीच नाहीत. काही मात्र दुसरी एक-दोन सोबत घेऊन परत आली, ती कुणी ठेवली ते आम्हाला कधी कळलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना मी खरंच कपाट दाखवलं. ते बराच वेळ तिथे उभे राहिले. काय वाचत होते मी बघितलं नाही, पण शेरा त्यांनी चांगला दिला.

वाचनालयाने सोशल मीडिया कसा वापरावा, यावर मी नंतर दोन-तीन ठिकाणी बोलले. लोक विचारतात, रील करता का, स्पर्धा घेता का? आमच्याकडे यातलं काही नाही. आमच्याकडे रोज चार ओळी होत्या आणि एक उघडा इनबॉक्स होता. काउंटरवर तोंडातून निघत नाही ते माणसं तिथे लिहीत. आई सारखं विसरते, काय वाचू? मुलगा बोलेनासा झालाय, काही आहे का? काका लांबलचक सल्ला देत नसत. "आहे. दाराजवळ, वरून दुसरा कप्पा, निळं कव्हर." एवढंच उत्तर. घोडबंदर रोडवरून लोक गाडी काढून, शिळफाट्याची वाहतूक सोसून यायचे, कपाटापाशी दोन मिनिटं थांबायचे आणि जायचे. त्यातले कितीतरी पुढे रीतसर सभासद झाले. त्यांच्या ऑफिसांपासून दोन पावलांवर चांगली वाचनालयं आहेत. पण तिथे त्यांना लोक ओळखतात.

एवढं सगळं चालू असताना काकांच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. मी शनिवारी आले की पिशवी ठेवायच्या आत विचारायचे, "ती आली होती का गो? तू बघितलीस कुठे?" मी नाही म्हणायचे. एकदा मी सुचवलं की त्यांना इनबॉक्समध्ये माफीचे दोन शब्द लिहा. तर म्हणाले, "आणि तो फोन नणंदेच्या हातात असला तर?" त्या बाईंचं कार्ड काकांनी खणात ठेवलं होतं, रद्द केलं नव्हतं. काही महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, विसरले असतील. माणूस किती दिवस एक गोष्ट घेऊन बसणार...

काका गेल्यावर नवा ग्रंथपाल नेमायला वेळ लागणार होता, म्हणून शनिवारी काउंटरवर मी बसायला लागले. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्या आल्या. केस कापले होते, जरा जाड झाल्या होत्या, पण मी लगेच ओळखलं. उठून उभी राहिले, "या ना, या, बसा."

त्या कपाटाशीच थांबल्या. किंचित हसून म्हणाल्या, "काका वर बघायचे नाहीत."

मला काही कळेना. वैशाली मागून म्हणाली, "अहो ताई, या आल्या की काका टेबलाखाली वाकून स्टॅम्पपॅड शोधायचे. हातातच असायचं. मला वाटायचं, वय झालं."

"तुम्ही येत होतात?" मी विचारलं.

"ते कपाट लागून काही महिने झाले, तेव्हापासून. आधी वाटायचं, त्यांनी मला ओळखलंच नाही. मग एकदा लक्षात आलं. मी पुस्तक परत ठेवून गेले की दुसऱ्या दिवशीच्या पोस्टमध्ये त्याच्या पुढचं काहीतरी असायचं. कायद्याचं ठेवलं, तर भाड्याच्या घराचा करार कसा वाचावा, ते. ते ठेवलं, तर एकट्यापुरता स्वयंपाक. आधी मला योगायोग वाटला."

"मग? त्यांच्याशी कधी बोललात?"

"नाही. काय बोलणार... एकदा पोस्टला लाइक केलं."

"त्यावर काका काय म्हणाले?"

"दुसऱ्या दिवशी विनोदी पुस्तक आलं."

तिघीही हसलो. मग त्या कपाटाकडे वळल्या आणि मी खाली बसून खणातलं काहीतरी शोधायला लागले. वैशालीने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. काच सरकल्याचा आवाज आला, पुस्तक आत सरकवल्याचा आला, मग जिन्यावर पावलं. ती दूर जाईपर्यंत मी मान वर केली नाही.

त्यांनी काय परत ठेवलं ते मग जाऊन बघितलं. गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये झाडं कशी लावावीत, ते होतं. दुसऱ्या दिवशीची पोस्ट लिहायला मी मोबाईल घेऊन बसले आणि तशीच बसून राहिले. मला पुस्तकांतलं एवढं कळत नाही. शेवटी वैशालीला विचारलं, "गॅलरीत झाडं लावल्यावर पुढे काय?"

तिने जरा विचार केला. "पक्षी," ती म्हणाली, आणि आत जाऊन एक लहानसं पुस्तक शोधून आणून तिने दाराजवळच्या कपाटात ठेवलं.

मी लिहिलं, "खिडकीत येणाऱ्या पक्ष्यांचं एक पुस्तक आहे. माहिती थोडी. चित्रं सुंदर. दाराजवळ."