शारजातला शिशिर

कुणी "हे पुस्तक मी वाचलंय" असं म्हटलं, की बाई आधी चष्मा कपाळावर चढवायच्या. चष्मा त्यांना पुस्तकासाठी लागे. माणूस बिनचष्म्याचा स्वच्छ दिसे. मग त्या समोरच्याकडे जरा वेळ बघत राहायच्या आणि विचारायच्या, "वाचलंत की चाळलंत?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. तुम्हीही कधी अशा माणसासमोर बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. "वाचलं" म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, आणि "चाळलं" म्हणावं तर आलात कशाला.

शारजात अल नहदाला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. त्या नवव्या मजल्यावर, मी सहाव्या. त्या एका शाळेत हिंदी शिकवायच्या. वय होऊन गेलं होतं, पण शाळा "अजून एक वर्ष, अजून एक वर्ष" करत त्यांना ठेवून घेत होती. मूळच्या वाईच्या. यजमान कधीच गेले होते. एकुलता मुलगा इथेच वाढला आणि मोठा होऊन कॅनडाला गेला. सगळे त्यांना बाईच म्हणत. नुसतं बाई.

माझा नवरा गेला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी गोड, गुळगुळीत बोलून गेला. बाई आल्या, एक जाडजूड कादंबरी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आधी रडून घे. मग वाच. दोन्ही एकदम करू नकोस, पानं खराब होतात." एवढं बोलून चहा न घेता निघून गेल्या. पुढे त्या दर आठवड्याला रास अल खोरच्या गोडाऊनमधल्या माझ्या ऑफिसात फोन करायच्या. "कितवं प्रकरण?" मी प्रकरण सांगायचे. त्या फोन ठेवायच्या. त्या दिवसांत मला तेवढंच झेपत होतं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

आमचं एक वाचन मंडळ होतं. दहाबारा मराठी माणसं, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी. कोजागिरीची बैठक मोठी असे, मसाला दुधाची, देशमुख वहिनींच्या बाल्कनीत. मंडळाचे निरोपही वहिनीच लिहायच्या. एका वर्षी त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'शरदाची पानगळ! या रंगीत ऋतूत आपण काय वाचतोय?' खाली लाल-पिवळ्या पानांचं चित्र.

बाईंचं उत्तर मिनिटभरात आलं. 'शरदात पानं गळत नाहीत. शरदात चांदणं पडतं, ते बघत आपण दूध पितो. पानं शिशिरात गळतात. ज्यांना ऋतू इंग्रजीतून कळतात त्यांनी निमंत्रण इंग्रजीतूनच द्यावं.'

वहिनींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पण पुढच्या वर्षी त्या ऑक्टोबरमध्येच जॉर्जियाला जाऊन आल्या, खास फॉल कलर्स बघायला, आणि बैठकीत त्यांनी फोटो फिरवले. पिवळ्या झाडाखाली पिवळ्या ड्रेसमधल्या वहिनी. लाल झाडाखाली लाल जॅकेटमधल्या वहिनी. बाईंनी एकेक फोटो नीट बघितला.

"झाड बिचारं कपडे उतरवतंय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून दात काढताय."

सगळे हसले, वहिनी सोडून. तेव्हापासून वहिनी बाईंना दूध द्यायच्या ते ताटलीशिवाय.

निखिल नावाचा एक तरुण मंडळात होता, दुबईत विमा विकायचा. तो पुस्तकं ऐकायचा. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये, गाडी चालवताना, दीडपट वेगाने. "बाई, महिन्याला चार पुस्तकं होतात माझी," तो अभिमानाने म्हणाला. बाई म्हणाल्या, "एका हाताने गाडी चालवतोस, दुसऱ्या हाताने चाळतोस. आपटशील कुठेतरी." त्याचा चेहरा उतरला. बाईंना त्याचं काही वाटलं नसावं. समोरच्याला लागलं तरच तो सुधारेल, असा त्यांचा शाळेतला हिशेब होता, आणि शाळा सुटली तरी तो सुटत नव्हता.

मंडळातल्या लोकांना बाईंच्या बोलण्याची परतफेड करायची होती. ती कुठून करायची हेही साऱ्यांना ठाऊक होतं.

दर ऑक्टोबरमध्ये बाईंचा मुलगा टोरंटोहून फोटो पाठवायचा. घरासमोरचं मेपल, गाडीवर पडलेली पानं, तळ्याकाठची लाल रांग. खाली लिहिलेलं असायचं, 'फॉल कलर्स, आई!' बाई ते आम्हाला दाखवायच्या. "बघा. सगळी झाडं आहेत. माणूस एकही नाही." पण त्या फोटो मोठे करून करून बघायच्या, खिडकीत वगैरे कुणी दिसतंय का म्हणून. त्यांची नात सहा वर्षांची होती आणि त्यांनी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. मुलाने 'ये' असं कधी लिहिलं नव्हतं.

"तुम्हीच विचारा की," मी एकदा म्हटलं.

"पोटच्या पोराला विचारू, येऊ का म्हणून? त्यापेक्षा हॉटेलात राहीन."

मुलाच्या फोटोंना त्यांचंही एक उत्तर असायचं. आमच्या इमारतीमागे वाळूचं पार्किंग आहे. तिथे एक देशी बदामाचं झाड कसंबसं वाढलंय, एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर. जानेवारी सरता सरता त्याची तळहाताएवढी पानं तांबडीलाल होतात आणि गळतात. एवढीच काय ती शारजातली पानगळ, आणि ती शिशिरातच होते. बाईंचा हात थरथरायचा, म्हणून दर वर्षी त्या मला खाली नेऊन फोटो काढायला लावायच्या. "गाड्या येऊ देऊ नकोस. कचऱ्याचा डबा नको." मग त्यांच्या फोनवरून मुलाला पाठवायच्या आणि खाली मराठीत लिहायच्या, 'आमच्याकडचा शिशिर.'

उत्तर म्हणून एक अंगठा यायचा.

"आला अंगठा," बाई म्हणायच्या. "जन्मभर दुसऱ्यांची पोरं साक्षर केली. आपलं मात्र अंगठेबहाद्दर निघालं." आणि हसायच्या. मीही हसायचे. आता तो फोटो काढण्याचा प्रसंग आठवला की मला त्यांचं हसणं आठवत नाही. फोटो गेल्यावर फोन पदराने पुसून त्या तो हातातच धरून ठेवायच्या, ते आठवतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मुलाने त्यांना कॅनडाचा व्हिसा काढायला सांगितला. व्हिसा आला. "ऑक्टोबरला बघू," तो म्हणाला. "तिकीट पाठवतो."

एवढ्यावर बाई बदलल्या. ऑगस्टच्या उकाड्यात, बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते त्या दिवसांत, त्यांनी मॉलमध्ये जाऊन जाड लोकरी कोट घेतला. घरी एसी गार करून तो घालून बसायच्या. मला बोलावून विचारलं, "कशी दिसते?"

"छान दिसताय."

"खोटं बोलतेस. अस्वल दिसते." पण आरशासमोरून हलल्या नाहीत.

नातीसाठी त्यांनी इंग्रजी चित्रांचं एक पुस्तक आणलं. खार, पानं, पहिलं बर्फ असं काहीतरी होतं. रोज संध्याकाळी त्या ते मोठ्याने वाचायच्या, मी ऐकून उच्चार सुधारायचे. आयुष्यभर पोरांची हिंदी दुरुस्त केलेली बाई 'स्क्विरल' या शब्दाशी आठवडाभर झुंजत होती. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांनी नातीला दोन पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "आजी, यू से इट फनी," आणि कॅमेऱ्यासमोरून निघून गेली. मागे रिकामी खुर्ची दिसत राहिली. बाईंनी ते पान संपवलं. मग फोन बंद केला.

"पोरगी माझ्यावर गेलीय," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबर लागला. मुलगा "दोन दिवसांत तिकीट पाठवतो" म्हणत होता. बाईंची बॅग भरून दाराशी उभी होती. त्या वर्षी कोजागिरी लवकर आली, महिन्याच्या सुरुवातीलाच. देशमुख वहिनींच्या बाल्कनीत आम्ही बसलो होतो. समोर टॉवरांच्या मधल्या फटीत चंद्र अडकला होता. प्रत्येक जण आपण काय वाचतोय ते सांगत होता. निखिलने एक जाड आत्मचरित्र ऐकलं होतं. त्याने सुरुवात केली न केली तोच बाईंनी चष्मा वर चढवला.

"शेवट काय आहे?"

"म्हणजे... शेवटी तो गावी परततो."

"नाही परतत. शेवटच्या पानावर कळतं. तुझं ऑफिस आलं असेल तेव्हा."

लोक हसले. आणि तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कानाला कमी ऐकू येई म्हणून त्या नेहमी स्पीकर लावायच्या. मुलाचं नाव पाहून तर त्यांनी तो जरा वरच धरला, सगळ्यांना ऐकू जावं असा.

"आई, लिसन ना. ऑक्टोबरचं जरा चेंज झालंय. नेहाचे मम्मी-डॅडी येतायत, दे रिअली वॉन्ट टू सी द कलर्स. घर फुल होईल. तू फेब्रुवारीत ये. बेबी तेव्हाच ड्यू आहे, यू विल बी सच अ हेल्प. आणि तेव्हा तिकीटही स्वस्त असतं. ओके?"

बाई म्हणाल्या, "बरं."

"यू आर द बेस्ट," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

वहिनींच्या पातेल्यात डाव तसाच उभा होता. आता कुणीतरी काहीतरी चांगलं बोलेल असं मला वाटलं. निखिल बोलला.

"पण बाई, तुम्हीच सांगता ना, पानं शिशिरात गळतात. फेब्रुवारी म्हणजे करेक्ट शिशिर. मुलगा तुमच्या पंचांगाप्रमाणेच बोलावतोय."

वहिनींना हसू फुटलं. त्यांनी ते दाबलं, पण ते ऐकू यायचं तेवढं आलं.

बाईंनी निखिलकडे बघितलं. मग कपाळावरचा चष्मा खाली घेतला, माणसाकडे बघताना त्यांना चष्मा लावताना मी तेव्हाच पाहिलं, आणि म्हणाल्या, "शाब्बास. आज पहिल्यांदा वाचलंस. चाळलं नाहीस." आणि वहिनींपुढे पेला केला. "अजून अर्धा द्या. केशर यंदा बरं आहे."

परत येताना लिफ्टमध्ये मी म्हटलं, "जा फेब्रुवारीत. नात तरी भेटेल."

"जाणार तर. त्यांना बाळंतपणाला बाई हवीय." नववा मजला आला. त्या बाहेर पडल्या आणि दार बंद होता होता म्हणाल्या, "मी तर आहेच बाई."

त्या गेल्याच नाहीत. जानेवारीच्या शेवटी एके सकाळी शाळेची बस येऊन थांबली आणि बाई खाली आल्या नाहीत. इमारतीचा नातूर, म्हणजे आमचा पठाण रखवालदार, मला घेऊन वर गेला आणि त्याच्याकडच्या किल्लीने त्याने दार उघडलं. बाई पलंगावर होत्या. झोपेतच हृदय थांबलं होतं, डॉक्टर म्हणाले. उशाशी खारीचं पुस्तक होतं आणि चष्मा त्याच्यावर.

मंडळाच्या ग्रुपवर देशमुख वहिनींनी लिहिलं, 'बाईंचे जाणे म्हणजे जणू शरदातील पानगळ. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेली चित्रं लागली, एकाखाली एक. मी खाली फक्त एक शब्द लिहिला, 'शिशिरातील.'

त्याला चार अंगठे आले.

मुलगा आला. सगळं त्याने व्यवस्थित, वेळेत केलं. अंत्यसंस्कार, बँक, घर रिकामं करणं. पुस्तकं कुणाला हवी असतील तर घ्या म्हणाला. मंडळातलं कुणी आलं नाही, मी दोन खोके घेतले. लोकरी कोट लेबलसकट कपाटात होता. तो त्याने नातूरला देऊन टाकला. नातूरने तो हातावर तोलून बघितला आणि म्हणाला, "साब, शारजा में?" मग गावी भावाला पाठवीन म्हणाला.

शेवटच्या दिवशी मी मुलाला निरोप द्यायला खाली गेले. टॅक्सी यायची होती. पार्किंगमध्ये बदाम लालभडक झाला होता आणि खाली पानांचा सडा पडला होता. तो बघतच राहिला. मग सवयीने खिशातून फोन काढला, दोन पावलं मागे सरकून फोटो घेतला. कचऱ्याचा डबा आला असणार त्यात.

"वॉव. इथेही फॉल कलर्स असतात?" तो म्हणाला. "लहानपणी हे झाड नव्हतं. आई कधी बोलली नाही."

"दर वर्षी पाठवायच्या तुम्हाला. फोटो मी काढायचे."

"नो, नो. आय डोन्ट थिंक सो." पण त्याने फोनवर आईचं नाव काढलं आणि अंगठ्याने वर वर सरकवत गेला. थांबला. पुन्हा वर गेला. पुन्हा थांबला. लाल झाड, खाली 'आमच्याकडचा शिशिर', खाली त्याचा अंगठा. त्याच्या वरती तेच झाड, जरा लहान. त्याचा अंगठा.

मला काही बोलायचं नव्हतं. पण इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य तोंडून निघून गेलं.

"वाचलंत की चाळलंत?"

त्याने मान वर केली. "चाळलं म्हणजे?"

तो खरंच विचारत होता.

"नुसती पानं उलटली," मी सांगितलं.

टॅक्सीने हॉर्न दिला. त्याने हात वर करून थांबायला सांगितलं आणि खाली बघितलं. बहुतेक पानं पालथी पडली होती, फिकट पाठ वर करून. त्याने बुटाच्या टोकाने एक पान अलगद उलटलं. मग त्याच्या शेजारचं.