वडाच्या एकशे आठ फेऱ्या

कोरोनात आमच्या लेआउटच्या बगीच्याले कुलूप लागलं अन् चाबी गेली सोसायटीच्या अध्यक्ष काकांच्या खिशात. गेटवर पाटी, आत येऊ नये, जीव वाचवा. अन् स्वतः काका रोज सकाळी आत हात हलवत फिरून राहिले. म्या जाळीतून विचारलं तं म्हणे, "झाडाले पाणी कोण देईन?" हातात पाइप नाई का बाल्टी नाई. झाडं बहुतेक त्यांच्या घामावरच जगत होती.

आमची बगीच्यासमोर टिनाची एक खोली, तिच्यात मी, नवरा अन् दीड वर्षाची पोट्टी. टिन असं तापे का कूलर बी वाफ फेके, अन् मले दम लागे. बसल्या बसल्या छाती भरून ये, श्वास अर्ध्यातच अडके. ताप नाई, सर्दी नाई, तरी वाटे, झाला मले. पण सांगू कोणाले? मागच्या गल्लीतली एक बाई नुसती खोकलली तं कोणीतरी फोन केला अन् कोरोनाची गाडी येऊन तिले घेऊन गेली, चौदा दिवस. माही पोट्टी अंगावर पिणारी, मले नेलं तं तिनं काय गेटवरची पाटी चाटावी? म्हणून शिंक आली तरी मी उशीत तोंड खुपसून शिंको.

आधी मी पोट्टीले घेऊन रोज त्या बगीच्यातल्या वडाखाली बसत होती, तव्हा असा दम कधीच लागला नाई. एक दिवस हिंमत केली.

"काका, दहा मिनिटं येऊ का पोट्टीले घेऊन?"

"काहून वं? मरतं अन् आमालेई मारतं का?"

मंग आली वटपौर्णिमा. पुऱ्या लेआउटात वड तो एकच, अन् काकांच्या बायकोले, म्हणजे काकूले, पूजा करायची. झालं, उघडलं कुलूप. लेकराच्या श्वासासाठी नाई उघडलं, काकांच्या सात जन्मासाठी उघडलं. कोरोनाचा बी त्या दिवशी उपास असन.

सूत घेतलं, पोट्टीले कडेवर मारलं अन् मी गेली. तिसऱ्या फेरीले छाती सुटली, पुरा श्वास, पोटापर्यंत. सात झाल्या तरी मी थांबलीच नाई.

काकू दुरून म्हणे, "अवं, झाल्या नं सात?"

मी घाबरली अन् तोंडातून निघून गेलं, "एकशे आठचा नवस बोलली आहो काकू. रोज थोड्या थोड्या करीन."

"नवऱ्यासाठी?"

"नाई तं काय!"

जो नवरा पाण्याचा गिलास उठून घेत नाई, त्याच्यासाठी एकशे आठ! काकूचे डोळेच भरून आले. काकाले म्हणे, "पाहा, कमी शिकलेली आहे, पण संस्कार पाहा." आता देवाच्या कामाले काका नाई कसे म्हणतीन?

मंग रोज मी दोन फेऱ्या मारो अन् बाकी वेळ नुसती बसो, पोट्टी गवतात लोळे. पाचव्या दिवशी काकू आली. मी चटकन उठून फेरी सुरू केली, वाटलं, पकडली आता. पण काकू पारावर बसली, मास्क खाली ओढला.

"तीन मजल्याचं घर आहे वं, पण जीव घाबरते. श्वासच पुरत नाई. वाटते, झाला मले."

पाय माहे तिथंच थांबले. जिच्या एका फोनवर गाडी आली असती, तिलेच हे!

"मले बी काकू," म्हटलं. पहिल्यांदा कोणाले तरी सांगितलं.

काकू हातभर दूर सरकली, ते तं सरकलीच. पण फोन काही काढला नाई. तेवढ्यात गेटवरून काका ओरडले, "झाल्या का फेऱ्या?"

काकू बसल्या जागेवरून म्हणे, "बहुत बाकी आहेत! जा तुम्ही, कुकर लावा."