तिरपागड्यांची लाँच

लाँचचा सारंग सरळ म्हणून कुठं जातच नाही, त्यामुळं उतारूंनी त्याचं नाव तिरपागडे पाडलं होतं. आता खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर त्यालाच वळायला वेळ लागायचा.

या काठावरून निघालं की पलीकडचा धक्का नाकासमोर दिसे. पण तिरपागडे लाँचचं तोंड पार उजवीकडं, बर्फाच्या कारखान्याच्या चिमणीवर धरायचा. नवखा उतारू हमखास ओरडे, "ओ मामा, धक्का तिकडं राहिला!" आणि जुनी खोडं हसत. मधल्या पाण्यात प्रवाह उजवीकडून डावीकडं असा रेटायचा, की चिमणीकडं निघालेली लाँच सरकत सरकत बरोबर धक्क्याला लागे. धक्क्यावरच तोंड धरलं असतं तर ती खालच्या खडकांवर गेली असती. भरती-ओहोटीनं रेटा कमीजास्त होई, तेवढं मनगटाला कळे. हे त्याला बापानं शिकवलं होतं. बापही सारंगच.

म्हातारा शेवटी अंथरुणाला खिळला आणि त्याचं डोकं भरकटलं. बायकोला ओळखेना, लेकाला मालक समजे. एवढंच ओरडे, "तोंड वर घे! पाणी ओढतंय!" तिरपागडे उठून खाटेशी बसायचा. "घेतलं, बाबा, घेतलं." पहाटे पुन्हा चाकावर. मग चाकही सोडून घरीच बसावं लागलं; लाँचवर बदली माणूस आला. हिवाळा, उन्हाळा असाच गेला आणि एकदाचा म्हाताराही गेला. तरी तिरपागडे खाटेच्या अगदी कडेवर, एक कान उघडा ठेवूनच निजायचा. बायको म्हणे, "अहो, मधे सरका, पडाल." सरकायचा, पण सकाळी पुन्हा कडेवरच.

कामावर परतला त्याच दिवशी लाँच धक्क्याला लागलीच नाही. धक्का डावीकडं राहिला आणि ती चिमणीखालच्या चिखलात तोंड खुपसून उभी राहिली.

इंजिनवाला काजळ्या खालून वर आला. आयुष्य तेलात गेलेला माणूस; त्याला पाणी फक्त धक्क्यावर दिसायचं. "काय गड्या, बर्फ न्यायला आलास काय?"

उतारू हसले. तिरपागडेही हसला. पुढच्या फेऱ्या त्यानं ऐनवेळी चाक फिरवून कशाबशा निभावल्या; दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं तेव्हा कुणी हसलं नाही.

"बदलीवाला बरा नेत होता," काजळ्या हळू आवाजात म्हणाला. "मालकीणबाई म्हणतायत, आणखी एकदा झालं तर तुला काठावर बसवणार. डोळे तपासून घे रे."

डोळे ठीक होते. तिरपागड्याला वेगळंच भ्या वाटत होतं. बापाचंही असंच सुरू झालं होतं; आधी हात चुकला, मग माणसं चुकली. मीठ शोधताना हात डब्यावर थबकला तरी तो त्या हाताकडं बघत राहायचा.

संध्याकाळी बायको शिवणाच्या मशीनवर पडदे शिवत होती. तो शेजारी येऊन नुसताच बसला.

"उद्या लाँचवर येशील?"

"कशाला? पडदे धुवायला?"

"माझ्याकडं बघायला. मी काय चुकतो ते मला दिसत नाहीय."

तिनं मशीन थांबवलं. पुढं थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती चाकाशेजारच्या फळीवर बसली. लाँच निघाली. तो दोन्ही हात चाकावर घट्ट रोवून चिमणीकडं बघत होता, जबडा आवळलेला.

"हात कापतोय का?"

"नाही हो."

"मी काही बरळतोय?"

"बरळताय की. हेच." मग ती पाण्याकडं बघू लागली. मधल्या पाण्यात तळाला साखळीनं बांधलेला, खुणेचा तरंगता लाल बोया होता. लग्नानंतर पहिल्यांदा या लाँचवर बसली तेव्हा तो डावीकडं कललेला, अंगाभोवती फेस घेऊन, दारू प्यायल्यासारखा दिसला होता. "हा तुमचा भाऊ का?" असं तिनं नव्या नवऱ्याला विचारलं होतं, आणि सासरे पहिल्यांदा तिच्यासमोर मोठ्यानं हसले होते.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा भाऊ शुद्धीवर कधी आला?"

"कोण?"

"तो बघा की. ताठ उभा आहे."

तिरपागड्यानं मान वळवली. बोया काठीसारखा सरळ होता. भोवती फेस नाही, ओढ नाही, तळ्यात ठेवल्यासारखा. रोज त्याच्या शेजारून जात होता तो, पण नजर कधी चिमणीवर, कधी स्वतःच्या हातांवर.

मागून मासे विकणारी बाई म्हणाली, "वरच्या बाजूला भिंत घातली ना नव्या बंदराची. टेकाडामागं. तुम्ही रजेवर होता तेव्हाच पुरी झाली. तिनं सगळं पाणी बाहेरून वळवलं. आमची जाळीसुद्धा आता लोंबकळतात नुसती."

त्यानं सावकाश चाक फिरवलं आणि लाँचचं तोंड धक्क्यावर आणलं. खांदा उजवीकडं ओढत होता, मनगट चाक परत फिरवू बघत होतं. "राहू दे," तो पुटपुटला. बायकोला वाटलं तिलाच म्हणाला. धक्का नाकासमोर येत गेला, मोठा होत गेला, आणि लाँच टायरांना अलगद टेकली.

"लागली का?" खालून काजळ्यानं विचारलं.

"लागली."

उतारू उतरले. तिरपागडे धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसला. बायको चहा आणायला गेली; परत आली तर तो मान टाकून, बाकाच्या मधोमध पसरून घोरत होता. दोन्ही कान मिटल्यासारखी झोप. तिनं एक कप स्वतः प्यायला, दुसरा काजळ्याला दिला.

परतीचे उतारू लाँचमध्ये बसून चुळबुळ करू लागले. काजळ्यानं घड्याळाकडं बोट दाखवलं. "उठवू का वहिनी? लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत," ती म्हणाली, आणि ऊन त्याच्या तोंडावर येऊ नये म्हणून थोडी सरकून उभी राहिली.